पोट, बूड, पाय

कुलूपवाल्याला माणसांबद्दल फारसा आदर नव्हता, आणि याला त्याचा धंदा जबाबदार होता. आठवडाभर त्याला जी माणसं भेटत, ती स्वतःच्याच घराबाहेर उभी असत. कुणी टॉवेल गुंडाळून, कुणी एकाच पायात चप्पल घालून, कुणी हातात कचऱ्याची बादली धरून. दार आपोआप लागलं, असं सगळेच सांगत. बावीस वर्षांत एकाही दारावर कुलूपवाल्याला तसा संशय आला नव्हता.

म्हणून रविवारी तो तलावावर जाई. त्याची कयाक, म्हणजे एका माणसापुरती लांबट, अरुंद प्लास्टिकची होडी, कधीकाळी हिरवी होती. तीत तो स्वतः, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आणि एक गळ एवढंच मावे. बोलायला दुसरं कुणी मावत नसे, हा तिचा मुख्य गुण. या होडीतूनही त्या बावीस वर्षांत तो एकदाही पाण्यात पडला नव्हता. ही गोष्ट तो स्वतःहून कुणाला सांगत नसे. बोलणं त्या दिशेला वळेल एवढी फक्त व्यवस्था करी.

मेव्हण्याचं तसं नव्हतं. बायकोचा हा धाकटा भाऊ गाद्यांच्या दुकानात विक्रेता होता. ग्राहकाला गादी पटावी म्हणून दिवसातून तीस-चाळीस वेळा तिच्यावर आडवं होऊन दाखवायचं, हे त्याचं काम. थोडक्यात, तो लोळण्याचा पगार घेत होता. दीड वर्षापूर्वी त्याने नारिंगी कयाक घेतली. तिला मासे कुठे आहेत ते दाखवणारा पडदा होता, तीन गळ खोचायला तीन नळ्या होत्या, पेला ठेवायला खाच होती आणि वर छत्री. या सगळ्यातून तो दर रविवारी पडे. मासा लागला की आनंदाने पडे, सुटला की दुःखाने पडे. एकदा काठावरच्या ओळखीच्या माणसाला हात हलवताना पडला, आणि त्या माणसाने उलट हात हलवल्यावर पुन्हा पडला. एखाद्याला पाण्यात पाहणं लोकांच्या नुसत्या बोलण्यात असतं. कुलूपवाल्याला ते दर आठवड्याला प्रत्यक्ष करावं लागे.

मग जलाशय कार्यालयाने फलक लावला. यापुढे होडीचा परवाना त्यालाच मिळेल, जो तपासनीसांसमोर खोल पाण्यात स्वतःची होडी उलटवेल आणि कुणाचा हात न लागता परत तीत चढेल. नापास होणाऱ्याला वर्षभर तलाव बंद.

कुलूपवाल्याने अर्ज केला. आपल्याला पडण्याचा काहीही अनुभव नसल्याने परीक्षेतून सूट मिळावी, असं त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं. कार्यालयाचं उत्तर आलं, की अनुभव नसणं हेच परीक्षेचं कारण आहे.

बायको म्हणाली, "त्याच्याकडून एकदा शिकून घ्या की. त्याला सवय आहे."

"ज्याला होडीत धड बसता येत नाही, त्याच्याकडून मी होडीत बसायला शिकू?"

"बसायला नाही हो. चढायला."

कुलूपवाल्याने सराव केला नाही. सराव करायचा तर पडावं लागलं असतं, आणि मग बावीस वर्षांच्या हिशेबाला डाग लागला असता. तो पलंगावर पडून डोळे मिटून मनातल्या मनात होडीत चढत राहिला. मनात तो दर वेळी पहिल्याच प्रयत्नात चढला.

परीक्षेच्या दिवशी मेव्हण्याचा नंबर आधी लागला. तपासनीस बाई धक्क्यावर बसून पेन शोधत होत्या. त्यांना पेन सापडून त्यांनी मान वर केली, तोवर मेव्हणा पडून, चढून, निथळत बसला होता, चष्मासुद्धा नाकावर जागच्या जागी. बाईंनी काहीच पाहिलं नव्हतं, म्हणून त्याला पुन्हा पडायला सांगावं लागलं. तो आनंदाने पडला.

मग कुलूपवाला. पहिली अडचण अशी आली, की त्याला पडता येईना. तो डावीकडे झुकला, की कंबर आपसूक तोल सावरे. काठावरच्या लोकांनी त्याला पडा, पडा म्हणून धीर दिला. चौथ्या प्रयत्नाला तो पडला आणि पाणी नाकात गेलं. वर येऊन त्याने होडीची कड धरली आणि भिंतीवर चढतात तसं अंग वर ओढलं. होडी शांतपणे कलंडून त्याच्या डोक्यावर आली. त्याने ती सुलटी केली, पुन्हा अंग वर ओढलं, पुन्हा तेच. पाचव्या वेळेनंतर तो कडेला लोंबकळत राहिला, आणि होडी आपोआप उलटते आहे, असं त्याला अगदी प्रामाणिकपणे वाटलं.

"मदत पाठवू?" बाईंनी विचारलं. "पाठवली तर नापास लिहावं लागेल."

वर्षभराचे बावन्न रविवार कुलूपवाल्याच्या डोळ्यांपुढे आले. सगळे घरात, फोनजवळ, आणि त्या प्रत्येक रविवारी कुणी ना कुणी टॉवेलवर बाहेर उभं. त्याने मान हलवून नको म्हटलं.

तेवढ्यात मेव्हणा दहा हातांवर येऊन थांबला. हात लावायला मनाई होती; तोंड लावण्याबद्दल नियमात काही नव्हतं.

"भावोजी, भिंत चढताय तुम्ही. आडवे व्हा. पाय मागे पसरून पोहल्यासारखे मारा आणि पोट टाका होडीवर. मग बूड फिरवून सीटवर. पाय सगळ्यात शेवटी. पोट, बूड, पाय."

"गप्प बस."

"बसतो. पोट."

कुलूपवाल्याने त्याच्याकडे बघणं टाळलं. मग तो आडवा झाला. पाय मारले, आणि पोट होडीवर असं पडलं की दोन्हीकडे तो वाळत घातलेल्या चादरीसारखा लोंबला.

"बूड," मेव्हणा म्हणाला. गिऱ्हाइकाला कुशीवर वळायला सांगायचा त्याचा आवाज असावा, इतका तो मऊ होता. "बूड," काठावरून वीसेक माणसांनी दुजोरा दिला. बूड फिरलं. पाय आपले आपण आत आले.

बाईंनी घड्याळ पाहिलं. पास, पण पाच मिनिटांच्या वर वेळ लागला होता, त्यामुळे परवान्यावर शेरा पडला. सक्षम सोबती नजरेच्या टप्प्यात असेल, तरच मासेमारी करता येईल. सोबती म्हणून त्या दिवशी सक्षम ठरलेला एकच माणूस धक्क्यावर हजर होता, आणि तो पंचा शोधत होता. बाईंनी त्याचं नाव लिहिलं. कुलूपवाल्याने खाली सही केली, कुणाला वाचता येणार नाही अशी.

नजरेचा टप्पा म्हणजे किती, हे मात्र नियमात दिलेलं नव्हतं. पहिल्याच रविवारी कुलूपवाला वल्हवत निघाला आणि मागे वळून बघत राहिला. मेव्हणा आधी माणसाएवढा होता, मग बाटलीएवढा, मग बटणाएवढा. तो गोळीएवढा नारिंगी ठिपका झाला, तेव्हा कुलूपवाला थांबला. एवढा मेव्हणा त्याला सहन होत होता.

तलावाच्या त्या टोकाला गुडघाभर पाणी होतं आणि बाकी गाळ. मासा तिथे येत नसे, यायचं कारणच नव्हतं. चार रविवार तो रिकाम्या हाताने घरी आला. बायकोने विचारलं, तेव्हा जागा उत्तम आहे, असं त्याने सांगितलं.