रंगवलेली ओल

मित्रांनो, मी एक जुनं स्टेशन आहे. असं म्हटलं की माझं मलाच हसू येतं, कारण मी नवा होतो तेव्हाही जुनाच होतो. मला मुळी जुनं करूनच घराबाहेर काढलं. गोंधळू नका, सगळं सांगतो. फक्त जरा दमादमानं सांगेन, हल्ली माझ्यात फार बोलायचा जोर राहिलेला नाही.

तुम्ही ज्या स्टेशनावर गाडी पकडता, तेवढा काही मी मोठा नाही. माझ्या फलाटावर मांजर आडवं झालं, तर प्रवाशांना उभं राहायला जागा उरत नाही. एका घराच्या मागच्या बागेत, लिंबाच्या झाडाला वळसा घालून, छोट्या रेल्वेचे रूळ टाकलेले आहेत. त्या रुळांच्या कडेला माझा मुक्काम असे. इंजिन धापा टाकत यायचं, माझ्यासमोर थांबायचं आणि कोणालाही न घेता पुढे जायचं.

मला बनवणारे गृहस्थ कवळ्या बनवतात, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचे खोटे दात. गल्लीतली मुलं त्यांना कवळीकाका म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांच्या धंद्यातली एक गोष्ट आहे. पांढरेशुभ्र दात बसवले की कोणीही लांबूनच ओळखतं, हे खोटे. म्हणून काका नव्या कोऱ्या दाताला मुळाशी किंचित पिवळट छटा देतात, एखाद्याला बारीक रेघ ओढतात, समोरच्या दाताचं टोक नकळत झिजवतात. मग त्या दातांनी माणूस हसला की बघणाऱ्याला वाटतं, काय दात टिकवलेत या वयात! अशा माणसाच्या हाती मी सापडलो.

सुतारकामात काकांचा हात बेताचा होता. प्लायवूडच्या माझ्या चार भिंती कापताना त्यांनी दोनदा माप चुकवलं आणि दोन्ही वेळा करवतीला बोल लावला. पण माझं छप्पर मात्र बघत राहावं असं झालं. कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मसाल्यातून ओततात, त्याच मसाल्यातून त्यांनी साच्यावर साचे काढून माझी कौलं पाडली. काही दिवस मी अख्खा गुलाबी छपराचा होतो आणि काकू येताजाता म्हणायच्या, तुमचं स्टेशन हसतंय हो. मग कौलांवर विटकरी रंग चढला, भिंतींना फिकट पिवळा आणि दारं-खिडक्यांना हिरवा. छपराच्या कडेला पाणी वाहून जायला पत्र्याची बारीक पन्हळ बसली. मी असा नटलो होतो, की बोहल्यावर उभा करावा.

आणि मग काकांनी मला म्हातारा करायला घेतलं. काळपट तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून माझ्या अंगावर ओतला आणि फडक्यानं वरून खाली पुसला. खिडक्यांच्या खाली ओघळ काढले. पत्र्यावर स्पंजनं गंज उठवला. जिथं इंजिन थांबणार, तिथल्या भिंतीवर काजळी धरली. फलाटावरच्या बाकाचा रंग मधोमध घासून काढला, कारण माणसं मधे बसतात. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर ढकलायचा, नाक माझ्या भिंतीला टेकेल इतकं जवळ यायचं आणि एकेका डागापाशी तासन्‌तास घालवायचे. थकवा कुठं साठतो, कसा उतरतो, हे त्या माणसाला जितकं कळत होतं तितकं क्वचितच कोणाला कळत असेल. काकूंनी कमरेवर हात ठेवून विचारलं, तुमच्या या स्टेशनाला झाडूवाला नाही वाटतं? काका हसले. त्यांना ती शाबासकीच वाटली.

पुढची वर्षं माझी चैनीची गेली. रविवारी माणसं यायची. बागेत रेल्वे चालवणाऱ्या छंदी लोकांचं एक मंडळ आहे, त्याचे अध्यक्ष तर जातीनं यायचे. ते माझ्यासमोर उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, हा डाग पाहा, हा गंज पाहा, हात आहे की काय! माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. प्लायवूडवर चढेल तेवढं.

आता काकूंचं सांगतो. काकू कापडाच्या दुकानात काम करतात. दिवसभर उभं राहून ठाणं उलगडायची, दाखवायची आणि गिऱ्हाईक काही न घेता गेलं की पुन्हा घडी घालायची. घरी आल्यावर घरचं सगळं होतंच. आणि त्याआधी, सकाळी दुकानात जायच्या घाईत, त्या बागेत यायच्या. शेजारच्या मोठ्या झाडाची पानं रोज माझ्या पन्हळीत पडायची. ती काकू जुन्या टूथब्रशानं काढून टाकायच्या. रुळांवरचा कचराही झाडायच्या. काकांना वाटायचं, गाडी आपोआप चालते. काकूंनी कधी बोलून दाखवलं नाही आणि मला तर तोंडच नव्हतं.

हळूहळू काकूंचं येणं लांबायला लागलं. आल्या तरी लिंबाच्या बुंध्याला हात टेकून उभ्या राहायच्या. मग वाकणं बंद झालं आणि मग येणंच बंद झालं. संध्याकाळी स्वयंपाकघरातून आवाज यायचा, आज फार दमलेय हो. काका इकडे इंजिनाला तेल देत म्हणायचे, मग पड की जरा. म्हणायचे आणि पुन्हा तेलात गुंग व्हायचे. काकू पडायच्या नाहीत. पडल्या असत्या तर पोळ्या कोणी केल्या असत्या?

इकडे माझ्या पन्हळीत पानं कुजली. पाणी तुंबलं आणि छपराच्या कडेनं माझ्या भिंतीत मुरायला लागलं. तिकीट खिडकीच्या बाजूला एक डाग उठला, वर काळा, खाली हिरवट, कडेला पांढरी रेघ. मित्रांनो, आतून पोखरलं जाणं फार दमवणारं असतं. बाहेरून रंग धरून ठेवतो आणि आत एकेक पापुद्रा सुटत जातो. काकूंनी खिडकीतून पाहून दोनदा सांगितलं, अहो, स्टेशनात पाणी मुरतंय. काका म्हणाले, अगं, ती रंगवलेली ओल आहे. तू पण फसलीस की!

मग तो रविवार आला. अध्यक्ष आणखी दोघा-तिघांना घेऊन आले होते. काकांनी गाडी सोडली. अध्यक्ष नेहमीसारखे उकिडवे बसले आणि थेट त्या डागापाशी थांबले. म्हणाले, आजवर तुमचं पुष्कळ काम पाहिलं, पण याला तोड नाही. ही हिरवट छटा कशी काय साधलीत?

काकांनी डाग पाहिला. तो आपण काढल्याचं त्यांना आठवत नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पण समोरून कौतुक चालून आलं असताना नाही कोण म्हणतो? काका सांगायला लागले. आधी काळा लावायचा, म्हणाले, तो ओला असतानाच हिरवा सोडायचा, पांढऱ्या रेघेला मीठ वापरायचं. पाहुणे माना डोलवत होते. माझी दुखणी माझ्यासमोर अशी कौतुकानं समजावून सांगितली जात होती.

तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतलं. मग ट्रे पायरीवर ठेवला, पाहुण्यांमधून वाट काढली, खाली बसल्या आणि त्या डागावर बोट टेकवून दाबलं. बोट पहिल्या पेरापर्यंत आत गेलं. त्यांनी ते बाहेर काढलं तेव्हा त्याला ओला भुसा लागला होता.

गाडी मात्र लिंबाला वळसा घालत राहिली.

काकू उठायला गेल्या, पण त्यांना उठता येईना. हात मातीत टेकले, पुन्हा जोर केला आणि तशाच खाली बसल्या. काका म्हणाले, अगं, काय झालं? काकूंचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "पाणी मुरतंय, हे मी सांगितलं. मी दमलेय, हेही सांगितलं. तुम्हाला दोन्ही रंगवलेलंच वाटलं."

काकांनी चष्मा कपाळावर ढकलला. माझ्या भिंतीकडे बघायचे तसे ते काकूंच्या चेहऱ्याजवळ आले. डोळ्यांखाली काय उतरलंय, ओठांचा रंग कुठं गेलाय, हे सगळं त्यांना तेव्हा दिसलं. आणि ते आज उमटलेलं नव्हतं, हेही त्यांना दिसलं, कारण डाग किती जुना आहे हे त्यांना कळतं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अध्यक्षांनी धावत जाऊन रिक्षा आणली. गाडी बंद करायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. ती आपली आपण थकून थांबली.

डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच उरलेलं नाही, या बाई इतके दिवस उभ्या कशा राहिल्या? आणखी उशीर केला असतात तर हृदयानं हात टेकले असते. काकू बऱ्याच दिवसांनी दवाखान्यातून घरी आल्या, पण घरीही खाटेवरच पडून होत्या. दुकानातली रजा वाढत गेली.

आता माझी हकिगत थोडीच राहिली. काकांनी मला रुळांजवळून उचलून मागच्या ओसरीत आणलं. एकदा ब्रश आणि नवं प्लायवूड घेऊन माझ्यासमोर बसलेही. पण आत दूध उतू गेलं आणि ते धावले. दुसऱ्यांदा बसले तेव्हा काकूंच्या औषधाची वेळ झाली. तिसऱ्यांदा ते बसलेच नाहीत. सकाळी कवळ्या, संध्याकाळी स्वयंपाक. त्यांच्या पोळ्या कशा होतात ते विचारू नका, काकूंच्या हसण्यावरून मी अंदाज बांधतो. धुणं वाळत घालतानाचे चिमटे ते माझ्या प्रतीक्षालयात ठेवतात. माझी एक भिंत बसली आहे, कौलं सरकली आहेत, रविवारी कोणी येत नाही. वाईट वाटतं का? वाटतं. मी लाकडाचा आहे, दगडाचा नाही.

पण रोज संध्याकाळी काका धुणं घडी घालून आत नेतात, काकूंजवळ बसतात आणि विचारतात, आज कसं वाटतंय? काकू सवयीनं म्हणतात, ठीक आहे. काका उठत नाहीत. मग थोड्या वेळानं काकू खरं काय ते सांगतात. परवा त्या भिंत धरून माझ्यापर्यंत चालत आल्या आणि माझी दुर्दशा पाहून म्हणाल्या, "अहो, याला हातात घ्या ना आता." काका म्हणाले, "घेईन. आधी तू हात न टेकता बागेत चालत ये, मग."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं आम्ही सगळ्या जुन्या वस्तू आपल्या आत्मकथेच्या शेवटी सांगतो. मीही ते सांगायलाच बसलो होतो. पण मला थोडं ताटकळत ठेवलंत तरी चालेल. आज घरी गेलात की तुमच्या घरात जे माणूस सगळ्यांच्या आधी उठतं, त्याच्याजवळ जाऊन बसा. विचारा, दमलीस का, दमलास का? उत्तर येईल, छे, ठीक आहे. तेवढ्यावर उठू नका. पुन्हा विचारा.