भरून द्या

करीमभाईंनी कॅसेट लावली आणि स्पीकरमधून एक बाई चांदण्याबद्दल गाऊ लागल्या. त्यांनी कॅसेट उलटी करून लावली. तिकडेही चांदणंच.

"सकीना!" अशी हाक दिली की भवानी पेठेतली अख्खी गल्ली दचकली.

आता करीमभाईंचं खूळ सांगायला हवं. जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा माणूस. पण पंचाहत्तर साली काय अंगात आलं देव जाणे, ट्रम्पेटच्या तोंडाशी माइक बांधून वायर थेट गिटारच्या ॲम्प्लिफायरला जोडली. पायाखाली पेडल, दाबलं की सूर माणसासारखा बोलायचा. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम्स आणि हे, असा कॅम्पातल्या एका क्लबात वर्षभर जॅझचा धिंगाणा चालला. बँडवाल्यांनी नाव पाडलं, करंटवाला करीम. मग ॲम्प्लिफायर जळला, संसार वाढला, परत वराती. त्या वर्षाचा पुरावा ही एकच कॅसेट, भर कार्यक्रमात भरलेली. आता पुढचे दात गेलेले, वाजवून दाखवायची सोय नाही. आणि उद्या मुंबईहून रेकॉर्ड काढणारे लोक ती ऐकायला येणार होते.

बायकोचा, सकीनाबींचा, हेतू चांगलाच होता. अस्सल माल परक्याच्या हाती कशाला, नक्कल देऊ, म्हणून त्या जुनी कॅसेट आणि एक कोरी घेऊन स्वारगेटजवळ गाणी भरून देणाऱ्या माधवच्या दुकानात गेल्या. शटर अर्धं खाली आलेलं. त्यांनी दोन्ही कॅसेटी आत सरकवल्या आणि म्हणाल्या, "भरून द्या."

करीमभाई तडक दुकानात.

"बाई म्हणाल्या भरून द्या, भरून दिली," माधव म्हणाला. "गाण्यांची यादी नव्हती, म्हणून भावगीतं घातली."

"अहो, कोरी शेजारीच होती की!"

"ती सीलबंद होती. गिऱ्हाइकाचं सील मी फोडत नाही."

"आणि जुनीच्या पाठीचा तुकडा मी मुद्दाम मोडला होता! कुणी वर काही भरू नये म्हणून!"

"हो ना. तिथे चिकटपट्टी लावावी लागली आम्हाला."

"आधी ऐकली तरी होतीत का?"

"ऐकली की थोडी. नुसती घरघर, मध्येच कुणीतरी कण्हतंय. म्हटलं, खराब झालेली दिसतेय."

करीमभाईंना वाटलं, या माणसाला शटरमध्ये गुंडाळून वर चढवावं. पण त्याने कॅसेट परत येणार नव्हती. तसेच घरी आले.

घरी दोघांनी कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. दुसऱ्या बाजूची भावगीतं जरा आधीच संपली. मग खरखर. मग क्लबातला गलका, आणि कुणीतरी ओरडलं, "अहो, वायर काढा ती! वाजवता येत नाही तर करंट कशाला लावता?" सगळे हसले. त्यावर ट्रम्पेट बोललं, लांब, दात ओठ खाऊन, "नाऽऽऽही." ड्रम्स एकदम कोसळले, लोक शिट्ट्या मारू लागले, आणि खट्. कॅसेटमधली पट्टी संपली.

"पुढे?" सकीनाबींनी डोळे पुसत विचारलं.

"पुढे जन्मात वाजवलं नाही असं वाजवलं. ते भरायला पट्टीच उरली नव्हती."

"उद्या त्यांना काय ऐकवणार?"

"हेच. तेवढ्यावर कोण रेकॉर्ड काढतंय?"

करीमभाईंनी नखाने ती चिकटपट्टी खरवडायला घेतली. ती काही केल्या निघेना. माधवने काम पक्कं केलं होतं.