कर्टिसकाकांचा भोपळ्याचा बँजो

मित्रांनो, मी एक जुना बँजो आहे. थांबा, गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो नव्हे! माझं पोट भोपळ्याचं आणि त्यावर बकऱ्याचं कातडं. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी माणसांनी माझे पूर्वज घडवले. पुढे गोऱ्यांनी आम्हाला उचललं आणि हे आमचंच वाद्य, असं जगाला सांगितलं. ते दुःख जुनं. माझं मात्र ताजं आहे.

मला कॅरोलायनात एस्टर नावाच्या कृष्णवर्णीय बाईने बनवलं. तिचा नातू कर्टिस लग्न करून इंग्लंडात नॉटिंगहॅमला आला, त्याच्याबरोबर मीही आलो. वाजवण्याआधी तो दरवेळी म्हणायचा, "ही धून माझ्या आजीची, एस्टरची." त्यांच्या घरची रीतच ती. ज्याच्याकडून घेतलं, त्याचं नाव आधी.

कर्टिसचे कर्टिसकाका झाले, बोटं आखडली. हॉस्पिटलात त्यांना आसावरी भेटली. ही फिजिओथेरपिस्ट, इथेच जन्मलेली मराठी मुलगी. व्यायाम करून घेता घेता ती धून शिकली. काय जीव लावला तिने! शेवटी काकांनी मला तिच्या मांडीवर ठेवलं. "नाव तेवढं घेत जा," म्हणाले.

"प्रॉमिस," ती म्हणाली. म्हातारपणी माझं नशीब उघडलं, असं मला वाटलं.

गेल्या ऑक्टोबरात लायब्ररीत कृष्णवर्णीयांच्या संगीताचा सोहळा होता. काका कडक इस्त्रीचा कोट घालून पहिल्या रांगेत. आसावरीने मला असं वाजवलं की टाळ्या थांबेनात. निवेदिकेने विचारलं, "ही धून तुला मिळाली कुठे?" काका उठायच्या बेतात होते.

"मीच शोधून काढली," आसावरी म्हणाली.

अर्धवट उठलेल्या काकांनी कोट सारखा केला आणि ते परत बसले. माझ्या तारा तिच्याच बोटांखाली होत्या हो, मी ओरडणार कसा?

ट्रॅममध्ये तिच्या आईने, आशाताईंनी, विचारलंच. "अगं, काकांचं नाव का नाही घेतलंस?"

"आई, पाच मिनिटांचा स्लॉट होता. लोकांना एवढं बॅकग्राउंड नको असतं."

"नाव घ्यायला कितीसा वेळ लागतो गं?"

आसावरी फोनवर सोहळ्याचे फोटो टाकू लागली.

तेव्हापासून ती मला रोज मऊ फडक्याने पुसते. मला तो स्पर्शही नकोसा झालाय. जिच्यावर विश्वास टाकला, तिनेच केसाने गळा कापला!

मित्रांनो, जुनं वाद्य जपा म्हणजे नुसती धूळ झटकू नका. ज्याने ते हातात दिलं त्याचं नाव घ्या, तो ऐकायला आहे तोवर घ्या. माझं कातडं फाटलं तर दुसरं बसवता येईल. काका नव्वदीला टेकलेत. उद्या केंब्रिजला आमचा कार्यक्रम आहे, आणि त्यांना कुणी बोलावलेलं नाही.