फुगीर बटणांचं मशीन

मित्रांनो, मी चष्म्याच्या दुकानातलं एक जुनं कार्ड मशीन आहे. माझी बॅटरी आता तासभरही टिकत नाही, म्हणून मला दिवसभर वायरला बांधून ठेवतात. बोलायचं त्राण फारसं उरलेलं नाही. पण मालक गेल्यापासून या दुकानात त्यांचं नावही कुणी काढत नाही, म्हणून मीच सांगतो.

त्यांचा शेवटचा दिवस अगदी साधा होता. काचा पुसायच्या फडक्याने त्यांनी आधी मला पुसलं, मग आरसा. दुपारी त्यांची मुलगी डबा घेऊन आली. तेवढ्यात एक निवृत्त संगीतशिक्षिका आल्या. चष्म्याची दांडी तुटली होती. चष्मा मालकांच्या हाती देऊन त्यांनी मला जवळ ओढलं, पाचाच्या बटणावरचा ठिपका बोटाने चाचपला आणि आपले चार आकडे दाबले.

"हे मशीन कुणी निवडलं हो? न बघता दाबता येतं. बाकी दुकानांत मी आकडे मोठ्याने सांगते आणि सगळी रांग ऐकते!"

मालकांनी मुलीकडे पाहिलं. "ऐकलंस का गं?"

मुलगी फ्रेमचा खण आवरायला लागली. "जेवून घ्या बाबा, गार होतंय."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. मालक झोपेतच गेले होते.

त्यांनी मला आणलं, त्याला आता सहा वर्षं झाली. एका कारखान्यात हातमोजे घातलेल्या बाईने माझं एकेक बटण दाबून पाहिलं आणि मला खोक्यात घातलं. खोक्यातून मी एका विक्रेत्याच्या बॅगेत आलो आणि बॅगेतून या काउंटरवर.

त्या दिवशी तीन कंपन्यांचे विक्रेते आले होते. मुलीने आधीच तक्ता करून ठेवला होता. व्यवहारामागे कोण किती कापतं, भाडं किती, पैसे खात्यात कधी पडतात, करार मधेच सोडला तर काय. सगळं चोख. त्या तक्त्यात मी शेवटचा होतो. पहिलं होतं सपाट काचेचं एक पातळ, देखणं, स्वस्त मशीन.

मालकांनी तक्ता नीट वाचला. मग स्वतःचा जाड भिंगांचा चष्मा काढून बाजूला ठेवला आणि एकेक मशीन हातात घेऊन आकडे दाबायला लागले. काचेवर तीनदा चुकले. एका विक्रेत्याला हसू आवरेना.

"बाबा, चेष्टा चाललीय का? चष्मा लावा ना!"

"आपलं गिऱ्हाईक चष्मा आपल्या हातात देतं आणि मग पैसे देतं. तेव्हा त्याच्या नाकावर काय असतं, सांग बरं?"

"म्हणून दर वेळी जास्त पैसे कापून द्यायचे? तुम्हाला धंद्यातलं काहीही कळत नाही, बाबा. कुणीही यावं आणि तुम्हाला गुंडाळावं!"

तिन्ही परक्या माणसांसमोर ती हे बोलली. मालकांनी चष्मा लावला, माझ्या कागदांवर सही केली आणि सगळ्यांना चहा सांगितला.

मी काही फार गुणी निघालो नाही. माझा कागद अडकायचा. नेटवर्क गेलं की मालक मला हातात उंच धरून पायरीवर उभे राहायचे. शेजारचा शिंपी ओरडायचा, "काय हो, चंद्राला कार्ड दाखवताय का?" पण गिऱ्हाइकं न लाजता, न विचारता आपले आकडे आपण दाबायची. पहिल्याच आठवड्यात मुलीने ते उभं राहून पाहिलं होतं. बराच वेळ पाहिलं, आणि पर्स उचलून निघून गेली.

आता दुकान तीच चालवते. माझी जात बंद झाली, दुसरं मशीन निवडा, असं कंपनीने कळवलं आहे. मित्रांनो, मला जायचं दुःख नाही. राबून दमलेल्या यंत्राला कचऱ्यात न फेकता परत पाठवावं, एवढंच माझं मागणं आहे. काळजी आहे ती माझ्या जागी काय येणार याची. तिथे सपाट काच येऊन मालकांची ती सही चुकीची ठरू नये, असं वाटत राहतं.

काल विक्रेता आला. तरुण, घाईतला. त्याने सपाट काचेचं मशीन पुढे सरकवलं. दरही कमी सांगितला.

"फुगीर बटणांचं आहे का?" मुलीने विचारलं.

"आहे एक, पण ते आता कोण घेतं, ताई? महाग पडेल तुम्हाला."

"पडू दे. तेच द्या."

"बघा हं, मी तुमच्या फायद्याचं सांगतोय. आधीचं कुणी घेतलं होतं?"

तिने सहीसाठी उचललेलं पेन खाली ठेवलं.

"माझ्या वडिलांनी," ती म्हणाली. मग तिची नजर त्याच्यावरून निघून मालकांच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. "बरोबर होतं तुमचं, बाबा. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."