आबांच्या तोंडावरचा उजेड

दौलतगंजातली मराठी शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली आणि तिच्या रिकाम्या हॉलमध्ये ज्योतीनाथ महाराजांनी दुकान थाटलं. जिथे वनमालाने अकरा वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, तिथे आता मेलेली माणसं दिसू लागली. रांग पार नई सडकेपर्यंत गेली होती.

महाराजांच्या ‘दिव्य चष्म्या’ला भगवं कापड शिवलेलं होतं. तो डोळ्यांवर चढवला की हॉल जसाच्या तसा दिसे, समई दिसे, आणि समईशेजारच्या खुर्चीत आपलं गेलेलं माणूस. ज्योत हलली की त्याच्या गालावरचा उजेडही हले. “भुताला सावली नसते, तुमच्या माणसाला आहे. तसल्ली करून घ्या,” महाराज सांगत. महाराजांचे पक्के भक्त मल्हारराव यांनी हे वाक्य घरोघर पोचवलं. महाराज आधी लग्नाचे व्हिडिओ कशाला मागवून घेतात, हे मात्र कुणी विचारलं नाही.

वनमालाच्या आईला, कुसुमताईंना, तिथे गेलेले जयसिंहराव, वनमालाचे आबा, दिसले. घराण्याच्या रिवाजाप्रमाणे त्या मुजऱ्याला वाकल्या, तर नवऱ्याचे पाय एकदम काळे पडले. दरवेळी तसंच. महाराजांनी लगेच निदान केलं: साहेब नाराज आहेत, औषधांनी तुमचा देह बाटला आहे. झालं, कुसुमताईंनी इन्सुलिन सोडलं. चौथ्या दिवशी त्यांना धड उभं राहवत नव्हतं, तरी हट्टाने दर्शनाला आल्या.

सोबत आलेल्या वनमालाने चष्मा घातला. समोर आबा. क्षणभर तिलाही काही तपासायचं नव्हतं. मग ती आईसारखी वाकली. पाय काळे. उभी राहिली, उजळले. तिने डोळ्यांपुढे तळहात धरून फक्त ज्योत झाकली. आबांचं तोंड विझलं.

श्रद्धा नसली की असंच होतं, असं महाराज म्हणाले. म्हणून तिने चष्मा मल्हाररावांना दिला आणि स्वतः खुर्चीला लागून उभी राहिली.

“दिवा हाताआड करा. आबांचं तोंड कसं दिसतंय?”

“काळं.”

“आणि माझं?”

मल्हाररावांनी हात काढून पुन्हा धरून बघितला. “तुमचं तर उजेडातच आहे.”

मग तिने शाळेत सांगायची तसं सांगितलं. चष्म्याला कॅमेरे आहेत. ते हॉल टिपून आतल्या पडद्यावर दाखवतात. व्हिडिओवरून बनवलेलं चित्र कॉम्प्युटर त्यात बसवतो आणि ज्योतीचा उजेड, सावली तिथल्या तिथे हिशेबाने रंगवतो. पण त्याला पडद्यावर दिसतो तेवढाच दिवा ठाऊक. दिवा नजरेआड गेला की त्याच्या लेखी अंधार. खऱ्या माणसावरचा उजेड तुम्ही कुठे बघता यावर ठरत नाही. “माझ्यावरही विश्वास ठेवू नका,” ती म्हणाली, “एकेकाने दिव्याआड हात धरून बघा.”

रांग पुढे सरकली, आता हात वर करून. महाराज पडद्यामागे गेले.

कुसुमताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहऱ्यावर पुन्हा विधवा झाल्याची कळा होती. वनमालाला वाटलं, आई आपल्याला कधी माफ करणार नाही.

“म्हणजे हे माझ्यावर रागावले नव्हते?”

“नाही, आई. तू वाकलीस, दिवा नजरेआड गेला, एवढंच.”

कुसुमताईंनी पदर सावरला आणि बाही वर केली. “लाव सुई.”