बाबांचा भागाकार

शिंप्याची कात्री जितकी सरसर चाले, तितकीच त्याची जीभ अडखळे. दूरच्या देशातून आलेला माणूस, इथली भाषा अजून अंगवळणी पडली नव्हती. गणितात मात्र वाघ! लेकीला भागाकार त्यानेच शिकवला, लहानपणी स्वतः शिकला होता तसा: ज्याने भागायचं तो आकडा उजवीकडे आणि उत्तर त्याच्या खाली.

इथल्या शाळेची मांडणी वेगळी. बाईंनी वही पाहिली आणि दहाच्या दहा गणितांवर लाल फुल्या ओढल्या. उत्तरं पडताळायचे कष्ट घेतो कोण? लेक घरी आली, वही त्याच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाली, "बाबा, यापुढे तुम्ही मला शिकवू नका." गिऱ्हाइकाचं माप घेतानाही ते वाक्य त्याला टोचत राही.

महिन्याभराने शाळेचं बोलावणं आलं, तसं त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण बाईंनी त्याला आदराने वर्गात नेलं. शाळा नवा अभ्यासक्रम लिहीत होती. वर्गात देशोदेशीची मुलं असताना पुस्तकात एकाच देशाची रीत का, असा प्रश्न निघाला होता. म्हणून बाईंनी सगळ्या वह्या मागवून पुन्हा तपासल्या, तर या पोरीची दहाही उत्तरं बरोबर! सगळ्यांसमोर त्या सरळ म्हणाल्या, "चूक तिची नव्हती, माझी होती." हे कबूल करायलाही जिगर लागते, बरं का. मग त्यांनी खडू शिंप्याच्या हातात दिला आणि त्याची रीत वर्गाला समजावून सांगायला सांगितलं.

हे तर हात दाखवून अवलक्षण, असं मनाशी म्हणत त्याने नऊशे छत्तीसला बाराने भागलं. शेजारी बाईंनी आपल्या रीतीने भागलं. दोन्हीकडे अठ्ठ्याहत्तर. आकडे झाले, पण समजावून सांगायची वेळ आली आणि त्याला शब्दच सापडेनात. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. लेक खाली मान घालून बसली होती. संपलं, त्याला वाटलं. आपल्यापायी पोरीची पुन्हा शोभा झाली.

तेवढ्यात ती उठली, तरातरा फळ्यापाशी आली आणि तिने त्याच्या हातातला खडू काढून घेतला.

"बाबा, तुम्ही बसा," ती म्हणाली. "तुम्ही मला शिकवलंत, आता यांना मी शिकवते."

पहिल्या बाकावर तो गुडघे दुमडून कसाबसा मावला. स्वतःच्या मापाने, स्वतःच्या हाताने शिवलेला शर्ट त्याला छातीत घट्ट व्हायला लागला.