मातीने बुजवलेला डोंगर

"एकसुद्धा भोक उघडं ठेवू नकोस. बोट जाईल तिथं माती गेली पाहिजे." लू आबांचा तो दबका आवाज मला अजून आठवतो.

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. सूचौ शहरातल्या एका लहानशा बागेत उभा आहे. जन्म मात्र माझा थाय सरोवराच्या काठचा. दगड काढणाऱ्या एका घरातल्या आज्याने माझ्या अंगाला छिन्नीने भोकं पाडली आणि मला पाण्यात सोडून दिलं. पुढचं काम लाटांचं होतं. आज्याने बुडवलं आणि नातवाने वर काढलं, इतका वेळ मी पाण्याखाली होतो. वर आलो तेव्हा कंबर बारीक झाली होती, अंगभर सुरकुत्या होत्या आणि भोकांतून वारा आरपार जात होता. आमच्या जातीत हेच रूप मानतात. नुसती टिचकी मारली तरी मी घंटेसारखा वाजतो.

लू आबा आधी सरकारी नोकरीत होते. वरिष्ठाच्या खोटेपणापुढे त्यांनी मान तुकवली नाही आणि ते घरी आले. डोंगरात जाऊन राहावं असं फार मनात होतं, पण घरी आजारी आई. मग त्यांनी डोंगरच अंगणात आणला. मी तो डोंगर, माझ्यासमोरचं तळं म्हणजे समुद्र. पूल मुद्दाम वाकडा घातला, येणाऱ्याने घाई करू नये म्हणून. भिंतीशी बांबू लावले, ते आतून रिकामे असतात, त्यांना गर्व नसतो म्हणून. रोज सकाळी आबा हात बाह्यांत जुळवून माझ्यापुढे वाकत आणि विचारत, "थोरले बंधू, बरं आहे ना?" चाळीस वर्षांत एका दिवसाचा खाडा नाही. नेम धरला की तो असा धरावा.

पुढे सम्राटांना राजधानीत बाग करायची झाली. अंमलदार पिवळ्या चिठ्ठ्या घेऊन घरोघर फिरू लागले. दगडावर चिठ्ठी चिकटली की दगड सम्राटांचा. तो दारातून निघेना तर भिंत पाडायची, घरही पाडायचं. शेजारच्या घरी दगडाचं टोक मोडलं, तर मालकाला फटके बसले आणि बायकामुलं रस्त्यावर आली. दगड लपवणाऱ्याची तर धडगतच नव्हती.

आबांच्या घरात ते आणि त्यांची विधवा सून रोंगन्यांग, दोघंच. हे घर गेलं असतं तर तिला माहेरही उरलं नव्हतं. तिने दोन दिवस चिकणमाती मळली, माझी भोकं बुजवली, वरून लेप दिला आणि कोंबड्यांचं खुराडं मला टेकवून ठेवलं. मी नुसता ओबडधोबड धोंडा दिसू लागलो.

तिसऱ्या सकाळी अंमलदार आला. बरोबर दोन हमाल होते. आबा त्याला बाग दाखवत पुलावरून आले, माझ्यापुढे पोचले आणि सवयीने कमरेत वाकले.



"का हो म्हातारबा," अंमलदाराचे डोळे बारीक झाले, "धोंड्याला नमस्कार?"

आबा अर्धवट वाकलेलेच राहिले. तेवढ्यात रोंगन्यांग कमरेवर हात ठेवून पुढे आली. एरवी सासऱ्यांपुढे वर न बघणारी ती!

"धोंड्याचं काय घेऊन बसलात, सरकार? खुराड्यालाही वाकतात. काल झाडूला विचारत होते, जेवलात का म्हणून. मीच जाणे कशी निभावते ते! काय मामंजी, कोंबडीबाईंना विसरलात वाटतं आज?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते वळले आणि खुराड्यापुढे वाकले, अगदी जमिनीपर्यंत. म्हणाले, "बाईसाहेब, अंडी बरी आहेत ना?"

हमाल फिस्सकन हसले. अंमलदार हसला नाही. "वाजव रे तो दगड," तो म्हणाला.

पन्नाशीचा एक हमाल पुढे आला. त्याने लोखंडी कांबीने मला ठोकलं. धप्प! आवाज मेलेला आला, पण मातीची खपली उडाली आणि एका भोकाची गुळगुळीत कड उघडी पडली. सरोवरावरचाच माणूस तो, पाहताक्षणी ओळखलं त्याने. त्याचा श्वास मला लागत होता. मग त्याने तळहात त्या कडेवर दाबून धरला.

"भरीव गोटा आहे, सरकार. नावेत घातला तर आपल्यालाच घेऊन बुडेल."

"चला, पुढचं घर," अंमलदार म्हणाला.

हमाल पाणी प्यायच्या निमित्ताने मागे राहिला. रोंगन्यांगने त्याला वाडगा दिला.

"ताई, मी फेई. सरोवरातल्या पश्चिम बेटावरचा," तो भरभर बोलला. "हिवाळ्यात मला नावेवरून धरून आणलं, दगड ओढायला. उद्या उत्तरेला नेतायत. घरी वाटत असेल, बुडालो. बायको सुतकाचं पांढरं नेसली असेल. तिला सांगाल, उतरव म्हणून?"

"सांगेन," ती म्हणाली.

"मेलास काय रे तिकडे?" बाहेरून हाक आली, आणि तो पळाला.

मित्रांनो, मी वाचलो. लोक आजही माझं कौतुक करतात. पण एक मागणं आहे. बागेत कुठेही सुंदर दगड दिसला तर त्याला जपा, आणि तो कोणाच्या खांद्यांवरून आला तेही विचारा. दगडाला घर नसलं तरी चालतं. ज्याच्या तळहाताने मला झाकलं, त्या फेईला आपलं घर राखता आलं नाही.

त्या दिवशी हमाल गेल्यावर आबा खुराड्याशी बसून होते. "आपल्याला कोणी सांगितलंय?" ते हळूच म्हणाले. "वाटेत पहारे आहेत. बेट का जवळ आहे, पोरी?"

"शब्द दिलाय, मामंजी. भात झाकून ठेवलाय, वेळेवर जेवा."

तिने हाताची माती तळ्यात धुतली, गवती चपला घातल्या आणि वाकड्या पुलावरून सरोवराच्या दिशेने निघाली.